केवळाबाईच्या नावावर

बस चाकूरला थांबली तेव्हा शिवांगीनं विचारलं, "अप्पा, मायचं सांगू का आज?"

"न्हाई," व्यंकट म्हणाला. "तिच्यावर लोकांनी हसायचं न्हाई."

शिवांगी जन्मापासून आंधळी. नांदेडच्या कॅफेत, कॉलेजांत पाच-पाच मिनिटांचं स्टँडअप करून तिनं नाव काढलं होतं. आज लातूरच्या हॉलमध्ये तिला पहिल्यांदा पंधरा मिनिटं मिळाली होती. जमलं तर सहा गावांच्या दौऱ्यात जागा. आणि तिच्याकडचा सगळ्यात जोरदार किस्सा मायचा होता. माय, म्हणजे उज्वला, जाऊन आठ महिने झाले होते. घरात अजून तिचं नाव निघालं की व्यंकट उठून नळ नीट बंद आहे का ते बघून यायचा.

"बरं," शिवांगी म्हणाली. पोरगी इतक्या लवकर ऐकते म्हणजे काहीतरी आहे, हे बापाला तेव्हाच कळायला हवं होतं.

हॉल भरला होता. काठी टेकत ती माइकपाशी गेली, हातानं चाचपून त्याची उंची लावली आणि सुरू झाली. "मला दिसत न्हाई हे अख्ख्या गल्लीला माहीत हाय. तरी म्हणतात, खाऊन बघ, विचारून बघ, नेसून बघ. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले. ते म्हणाले, वाट बघा!"

लोक हसले. व्यंकटचा जीव भांड्यात पडला.

मग तिनं स्थळाचा किस्सा काढला आणि तो ताठ बसला.

"मुलाची आई म्हणाली, पोरीला अजिबात दिसत न्हाई? तर आमच्या शेजारच्या केवळाबाई म्हणाल्या, न्हाई. म्हणून तर तुम्ही पोराला घेऊन यायची हिंमत केली!"

दोन-चार जण हसले. शेजारीण कशाला मधे बोलेल, असं बाकीच्यांना वाटलं असावं. शिवांगीनं माइक या हातातून त्या हातात घेतला.

आपण कधी उभं राहिलो ते व्यंकटला कळलंच नाही. "केवळाबाई कुठली? ती तर तवा पोहे खाऊन राहिली होती! तुझी माय बोलली ते!"

सगळ्या माना वळल्या. शिवांगीही आवाजाकडं वळली. "मंडळी, हे माझे वडील. अप्पा, तुम्हीच म्हणला ना, मायचं सांगू नको?"

"म्हणलो. पण तिचं बोलणं केवळाबाईच्या नावावर कर, असं कुठं म्हणलो?"

हॉल खदखदून हसला. कुणीतरी शिट्टी मारली.

"मग करू का परत मायच्या नावावर?"

व्यंकटनं हॉलभर नजर फिरवली. लोक थांबले होते.

"हाव," तो म्हणाला. "पण नीट सांग. तू 'ताई' गाळलंस. 'हिंमत केली, ताई' अशी म्हणली ती. लई गोड आवाजात."

शिवांगीनं पहिल्यापासून सांगितलं, मायच्या आवाजात, 'ताई'सकट. आता हसणं थांबेचना. व्यंकट कान देऊन ऐकत राहिला. सगळा हॉल उज्वलाच्या बाजूनं हसत होता.

शेजारच्या खुर्चीतला माणूस डोळे पुसत म्हणाला, "वहिनी लईच भारी दिसतात. आल्या न्हाईत का?"

"न्हाई. आठ महिने झाले तिला जाऊन."

त्या माणसाचं हसू जागच्या जागी थिजलं. व्यंकटनं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

"थांबू नका हो. हसा. पुढचं अजून भारी हाय."