माहेरच्या पाण्याचं कुंकू

गच्चीवर पाऊल ठेवलं आणि शलाका थेट पिंपांकडे धावली. एका पिंपातलं पाणी गुलाबी झालं होतं. दुसऱ्यातलं, म्हणजे ज्यात तिचा जीव अडकला होता त्यातलं, हिरवं जाऊन मातकट झालं होतं. शेजारी नारळाची शकलं, उदबत्तीची राख आणि सासूबाईंचा रिकामा करंडा.

"आई! काय टाकलंत यात?"

बकुळाबाई धापा टाकत वर आल्या. "कुकू गो. आज नारळी पुनव ना. माजे म्हायेरशी आलेला पानी हाय, तसाच ठेवू काय?"

पाणी खरंच त्यांच्या माहेरचं होतं. बकुळाबाईंचे वडील खाडीकाठी मिठागर करायचे. त्याच खाडीचं पाणी त्यांच्या भावाने कॅन भरभरून बदलापूरला आणून दिलं होतं. त्यातलं सूक्ष्म शेवाळ शलाकाने गच्चीवर वाढवलं. कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची, पण जीव सगळा या पिंपात. डोळ्यांना न दिसणाऱ्या या पेशी पाण्यातला विषारी रंग आधी अंगाला चिकटवून घेतात, मग हळूहळू तोडतात. शेजारच्या शहरातल्या कॅम्प चार वस्तीत जीन्स रंगवणाऱ्या विक्रांतशेठना तिने हे पटवता पटवता घसा कोरडा केला होता. शेवटी शेठ म्हणाले होते, "सोमवारी जिवंत माल दाखव बेटी, एक टाकी तुझी. नाहीतर प्रदूषणवाल्यांपायी मला युनिट बंदच करावं लागेल." त्याच युनिटात तिचा नवरा प्रज्वल कामाला होता.

बाकीची पिंपं पावसाने मारली. वरचं प्लास्टिक उडालं, गोडं पाणी शिरलं आणि शेवाळ तळाला बसलं. उरलं हे एकच. शेजारच्या, आता गुलाबी झालेल्या पिंपात नुसतं गाळलेलं खारं पाणी होतं, तुलनेसाठी.

"अख्खा करंडा ओतलात? आता मेलं ना सगळं!" शलाका ओरडली, आणि ओरडल्याबरोबर तिला वाईटही वाटलं.

बकुळाबाईंचा हात सढळ, मग भाजीत मीठ असो की देवाला कुंकू. त्यांचा चेहरा उतरला. "दोघींना सारखाच लावला गो. एकीला लावून दुसरीला कसा वगलायचा?" एवढं बोलून त्या खाली गेल्या.

मग दोघींमध्ये अबोला. शलाका उठता-बसता गच्चीवर जायची, झाकण उचलायची, पाणी ढवळायची, काचेच्या भांड्यात घेऊन उजेडात धरायची. मातकट ते मातकटच. कुंकवात हळद असते ही आजीच्या काळची गोष्ट. बाजारातल्या पुडीत रासायनिक रंग असतो हे तिला चांगलं ठाऊक होतं. प्रज्वल कामावर निघताना पिंपात डोकावून जायचा, आणि तेच तिला जास्त टोचत होतं.

सोमवारी सकाळी ढग जरा फाकले. शलाकाने घाबरतच झाकण काढलं. पाणी हिरवं होतं. अगदी गच्च हिरवं, आणि पिंपाच्या कडेला बारीक बुडबुडे चढत होते. तिने घाईघाईने दोन्ही पिंपांतून एकेक बाटली भरली, शेवाळाचं पाणी गाळणकागदातून गाळून गाळून घेतलं. खाली आलेलं पाणी जवळजवळ नितळ होतं. दुसऱ्या पिंपातलं पाणी मात्र ढवळून पाहिलं तरी तसंच गुलाबी.

म्हणजे रंग तळाला बसला नव्हता. शेवाळाने खाल्ला होता! आणि दोन्ही पिंपांत सारखं कुंकू घालून हा प्रयोग मांडला होता तिच्या सासूबाईंनी.

"आई, वर या! लवकर!"

बकुळाबाई आल्या. शलाकाने त्यांचा हात धरला, माफी मागितली, दोन्ही बाटल्या दाखवल्या, सगळं समजावलं. कुंकवातला हा रंग कारखान्यातल्या रंगाच्याच जातीचा आहे, नदीत जातो तेव्हा मासे मारतो, हेही आनंदाच्या भरात बोलून गेली.

बकुळाबाईंनी गुलाबी बाटली हातात घेऊन उजेडात धरली. मग त्यांची बोटं आपसूक कपाळाकडे गेली, जिथे लग्नापासून रोज तेच कुंकू लागत आलं होतं, आणि कातडी पांढुरकी पडून खाजत होती. बोटं तिथवर जाऊन थांबली.

"पुसू कशी गो?" त्या म्हणाल्या. "तुजा सासरा जिता हाय."