तापलेल्या चाकांवर पाणी

सात रस्ता चौकाच्या पलीकडे एका गल्लीत सुबोधचं गॅरेज आहे. जिल्ह्यात ज्या मोजक्या हौशी लोकांकडे वाऱ्यासारखी पळणारी महागडी गाडी आहे, ते सगळे त्याच्याचकडे येतात. माणूस कामाचा, यात शंका नाही. पुण्यात परदेशी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षं घालवून आलेला. पण त्याचं नाव झालं ते मोबाईलवरच्या व्हिडिओंमुळे. जोरात पळवून आणलेली गाडी लगेच बंद करू नका, इंजिनातल्या टर्बोला जरा दम खाऊ द्या. टायरमधली हवा सकाळी, गाडी गार असताना तपासा. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीला चार्जर लावून ठेवा. आणि सगळ्यात जास्त पाहिला गेलेला सल्ला म्हणजे, तापलेल्या चाकांवर पाणी मारू नका, ब्रेकच्या डिस्क वाकड्या होतात. हे सांगताना तो बोट असं काही नाचवायचा, की बघणाऱ्याला आपणच काहीतरी पाप केल्यासारखं वाटावं.

आणि खंडेनवमीला या शहाण्याने नेमकं तेच केलं.

त्या दिवशी गॅरेजमध्ये पाने-पकडी धुऊन मांडलेल्या होत्या, यंत्रांना हळदकुंकू लावून झालं होतं. वैरागच्या शिवराजशेठचा हट्ट होता, की पूजेत पहिला मान त्यांच्या लाल स्पोर्ट्स कारचा. गाडी घेऊन निघालेला ड्रायव्हर बिरप्पा रस्त्यातल्या गर्दीत अडकला आणि ऐन वेळी येऊन पोचला. किल्ली सुबोधच्या हातात देऊन तो समोर चहाला गेला. गाडी धुळीने माखलेली. गुरुजींना पुढच्या गॅरेजमधून फोनवर फोन. सुबोधची बायको वैदेही पूजेचं ताट घेऊन उभी होती, म्हणाली, "अहो, मुहूर्त टळतोय."

धुळकट गाडीला हार कसा घालायचा? सुबोधने स्वतः पाइप उचलला आणि चारी चाकांवर गार पाण्याचा फवारा सोडला. तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा चर्र आवाज झाला, वाफ उठली. त्याला तो ऐकू आला नाही असं नाही. पण गुरुजींनी मंत्र सुरू केले होते. एवढ्याने काही होत नाही, असं त्याने मनाशी म्हटलं आणि पाइप चालूच ठेवला.

दसरा उलटला आणि शिवराजशेठ स्वतः गाडी घेऊन हजर झाले. सोबत बिरप्पा होताच.

"सुबोधभाऊ, ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथर कापतंय. काय भानगड हाय बघा की."

सुबोधने गाडी लिफ्टवर चढवली, चाकं उतरवली. ब्रेकचे पॅड जवळजवळ नवे. जोरात ब्रेक मारणाऱ्याच्या गाडीचे पॅड असे राहत नाहीत, जळून चकाकतात. पुढच्या दोन्ही डिस्क मात्र मापात वाकड्या भरल्या, आणि बाहेरच्या बाजूला, जिथे फवारा बसला होता तिथे, केसासारख्या बारीक चिरा. खंडेनवमीची ती वाफ पुन्हा डोळ्यांसमोर उठली.

"ह्यो बिरप्पा मी नसताना हायवेला गाडी हाणतो. मला आदीपासनंच शंका हुती," शिवराजशेठ म्हणाले. "लई जोरात ब्रेक मारल्यावर असं हुतंय न्हवं?"

सुबोधने हात पुसायला फडकं घेतलं. "होऊ शकतं," तो म्हणाला.

नरो वा कुंजरो वा. होऊ शकतं हे खरंच होतं, फक्त या गाडीला झालं नव्हतं. शेठनी तिथल्या तिथे बिरप्पाला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. दाराशी उभा असलेला तो पन्नाशीचा माणूस भांडला नाही. चपला घालून एसटी स्टँडच्या दिशेने चालायला लागला. त्याचं ते गप्प जाणं सुबोधला फार लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

डिस्क परदेशातून यायच्या होत्या, तोवर गाडी लिफ्टवर तशीच. कुठेही वळलं की त्या उघड्या डिस्क समोर. नवीन व्हिडिओ करायला बसला आणि मोबाईल उलटा ठेवून उठला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! शेवटी जेवता जेवता त्याने वैदेहीला सगळं सांगितलं.

"मग शेठना सांगा की," ती म्हणाली.

"आणि गॅरेजचं नाव?"

"नाव गेलं तर परत मिळवाल. त्या माणसाचं काय?"

सुबोधने उष्ट्या हातानेच फोन लावला. शिवराजशेठनी आधी ऐकून घेतलं, मग असे काही शब्द वापरले की ते लिहिता येणार नाहीत. शेवटी म्हणाले, "बिरप्पाला घिऊन या. त्येला म्हणावं, शेठचं चुकलं. तुमचं आपन नंतर बघू."

दुसऱ्या दिवशी आपल्या जुन्या गाडीतून बिरप्पाच्या गावी, अक्कलकोटला जाताना सुबोधचं मन पिसासारखं हलकं झालं होतं. बिरप्पाला ही बातमी कशी सांगायची, याची त्याने वाटेत दोनदा तालीमही केली. पापाची कबुली द्यायला निघालेल्या माणसाला बक्षीस वाटायला निघाल्याचा डौल आला होता, आणि ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

स्वामींच्या मठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बिरप्पाची बायको फुलाबाई हारांचं दुकान मांडून बसायची. बिरप्पा तिच्या शेजारी झेंडू ओवत बसला होता. सुबोधला बघून तो लगबगीने उठला.

"या सर, बसा. तुमी त्या दिवशी म्हणलात ते बरोबरच हुतं."

"काय बरोबर होतं?"

"शेठच्या आईला त्याच गाडीतनं दर्शनाला आनताना वळसंगजवळ म्हैस आडवी आली हुती. लई जोरात ब्रेक दाबला मी. भ्यालो, शेठला सांगिटलंच न्हाय. तितनंच बिघडलं की वो. तुमच्यासारक्या माणसाचं चुकंल कसं?"

फुलाबाई म्हणाली, "झोप न्हवती त्येला. गाडीत माणसं असताना ब्रेक लागला नसता तर, म्हणून उटून बसायचा. मग स्वामींच्या पुडं शपत घेतली, पुन्यांदा गाडीला हात लावनार न्हाय. तवा कुटं डोळा लागला."

सुबोधची सगळी तालीम फुकट गेली. म्हशीने काही झालं नव्हतं, पाणी आपण मारलं होतं, हे त्याने अडखळत सांगितलं. "तुमचे पॅड मी बघितले, बिरप्पामामा. तुम्ही गाडी फार जपून चालवत होता."

बिरप्पाने हातातली सुई खाली ठेवली. "हे तवाच ठावं हुतं तुमाला?"

"हो."

बिरप्पा बायकोकडे वळून कानडीत काहीतरी म्हणाला. तिने पदर डोळ्याला लावला.

"शेठनी बोलावलंय. त्यांचं चुकलं म्हणाले," सुबोध हळूच म्हणाला.

"आता कसं येऊ, सर? शपत घेतलीया."

"मामा, खोट्यावर घेतलेली शपथ कसली?"

"शपत खरी हाय," बिरप्पा शांतपणे म्हणाला. "खोटं तुमचं हुतं."

मागून हॉर्न वाजला. सुबोधने गाडी रस्त्यात तशीच सोडली होती आणि मागे भाविकांची जीप अडकली होती. काय मनात आलं कोण जाणे, त्याने खिशातली किल्ली काढून बिरप्पापुढे धरली. "मामा, जरा बाजूला घेता? एवढीच."

बिरप्पाची नजर किल्लीवर गेली, मग गाडीवर. त्याच्या तोंडावर क्षणभर असं काही आलं की सुबोधला आशा वाटली. मग त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले.

जीपवाला पुन्हा हॉर्न वाजवायला लागला. सुबोध गेला आणि गाडी बाजूला घेतली.