हात लावून पाहिलंय

“बाबा, गेला!”

आतल्या खोलीतून लेकीची हाक आली तेव्हा लिफ्टवाले चहाचा पेला तोंडाला लावत होते. पेला तसाच खिडकीत ठेवून ते आत धावले. कॉम्प्युटरचा स्क्रीन काळा पडला होता. बघता बघता तो उजळला आणि कॉम्प्युटर झोपेतून उठल्यासारखा पहिल्यापासून सुरू झाला. लेक डोक्याला हात लावून बसली होती.

“किती वाजलेत?” लिफ्टवाल्यांनी विचारलं.

“बाबा, मी इथे रडकुंडीला आलेय आणि तुम्ही वेळ काय विचारताय?”

“वेळच विचारायची असते.” त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि लिहिलं : गुरुवार, दहा सतरा, आपोआप बंद, आपोआप सुरू.

एकतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या आणि एकच नियम पाळला होता : आधी वही, मग पाना. बिघाड कधी होतो ते कळलं की का होतो ते कळतं. हाताखालची पोरं त्यांना ‘थर्मामीटर’ म्हणायची. इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत जाऊन ते चालत्या मोटारीवर उजवा तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “दोन दिवस काढेल.” मोटार बिचारी आज्ञाधारकपणे तिसऱ्या दिवशी जळायची. दोन वर्षांपूर्वी तोच हात लिफ्टच्या दोराखाली सापडला. जखम भरली, बोटं शाबूत राहिली, आणि तरी त्यांनी काम सोडलं. लोकांनी कारण विचारलं तर म्हणाले, जिने चढायचा कंटाळा आला. लिफ्टवाल्याला जिन्यांचा कंटाळा! लोक हसले आणि विषय तिथेच मिटला.

आता घरातलं हे कॉम्प्युटरचं खोकं त्यांच्या मागे हात धुऊन लागलं होतं. एरवी त्याचं एवढं काही नव्हतं, पण शनिवारी दुपारी तीन वाजता लेकीची परीक्षा होती. लेक एका दवाखान्यात रक्त तपासायच्या विभागात होती. सहा वर्षं काम तेच, खुर्ची तीच, पण नोकरी कच्ची. ती पक्की व्हायची तर ही परीक्षा पास व्हायला हवी होती. दोनदा ती थोडक्यात हुकली होती आणि वयाच्या अटीमुळे ही तिसरी खेप शेवटची होती. परीक्षा घरूनच द्यायची, कॅमेऱ्यासमोर, दार लावून, खोलीत दुसरं कोणी नको. आणि कॉम्प्युटर मध्येच बंद पडला तर पेपर तिथेच संपला, पुन्हा संधी नाही.

दार लावता येईल अशी खोली घरात एकच होती, आतली. तिथे लिफ्टवाल्यांच्या बायकोचं शिलाईचं मशीन होतं. तीन आठवड्यांपूर्वी कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीतून तिथे हलवला आणि तेव्हापासूनच त्याचं हे सुरू झालं. तो पहिल्यांदा बंद पडला त्याच दिवशी लिफ्टवाल्यांनी टेबलाखाली वाकून खोक्याला हात लावला आणि निर्वाळा दिला, “तापत वगैरे नाहीये. हात लावून पाहिलंय.” मग त्यांनी भिंतीतला प्लग बदलला. वायर बदलली. खोक्याचं येणं-जाणं चालूच राहिलं.

त्याच सकाळी त्यांनी वही समोर धरून जाहीर केलं, “नऊ वेळा बंद पडला. त्यातल्या सात वेळा शिलाईचं मशीन चालू होतं.”

“म्हणजे मी अपशकुनी!” बायको म्हणाली.

“अगं, तू नाही. तुझं मशीन.”

“मशीन माझंच ना? तीस वर्षं या मशीनवर घराचे पडदे शिवले, हिचे फ्रॉक शिवले, तेव्हा नाही ते कोणाला नडलं!”

तिने मशीनची पिन उपटली, बाहेरच्या खोलीत जाऊन बसली आणि एका शर्टाला हाताने बटणं लावू लागली. नुसती बटणं लावताना इतका आवाज कसा होतो, हे तिलाच ठाऊक. पाऊण तास घरात शांतता होती. मग आतून हाक आली, “बाबा, गेला!”

“आता कोणाची पाळी?” बायकोने दोरा दाताने तोडत विचारलं. “शेजाऱ्यांची का?”

लिफ्टवाल्यांनी वहीत दहावी वेळ लिहिली. चहा घ्यायला वळले तर पेला खिडकीत नव्हता. बायकोने तो पुन्हा गरम करून, पुन्हा कव्हर घालून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला होता. हे पेल्याचं कव्हर म्हणजे त्यांना एक डोकेदुखीच वाटायची. या घरात कव्हर नसलेली फक्त माणसं होती. रेडिओला कव्हर, रिमोटला कव्हर, पाण्याच्या पिंपाला कव्हर; एवढंच काय, त्यांच्या वहीलाही कव्हर होतं. बायकोच्या हातात उरलेलं कापड म्हणून पडलं की दुसऱ्या दिवशी घरातली एखादी वस्तू अंगभर कपड्यात दिसायची. दोन वर्षांपूर्वी तिने पेल्यालाही अस्तर लावून जाडजूड कव्हर शिवलं. “पेल्याला थंडी वाजते का?” असं त्यांनी विचारलं होतं. ती सुईत दोरा ओवत राहिली होती.

शुक्रवारी त्यांनी खोकं उघडायचं ठरवलं. टेबलाखालून ओढलं, बांधलेल्या नाड्या सोडून त्याचं कव्हर काढलं, घडी करून बाजूला ठेवलं, चार स्क्रू फिरवले आणि रंगाच्या ब्रशने आतली धूळ हळुवार झटकली. मग चालू करून समोर ठाण मांडून बसले. एक तास गेला, दोन तास गेले. खोकं शहाण्या बाळासारखं चाललं.

“तुम्हाला बघून घाबरतो तो,” लेक म्हणाली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ती हसली.

“लिफ्टचंही असंच. मी पोचलो की सुतासारखी सरळ. डॉक्टरच्या दारात पोचल्यावर दाढ दुखायची थांबते ना, तशातली गत. पण आता झालं. धूळ होती, काढली.”

त्यांनी खोकं बंद केलं. बायकोने कव्हर चढवलं, नाड्या बांधल्या, वरून मायेने हात फिरवला. वाद मिटल्यासारखं वाटलं.

शनिवारी सकाळी लेक सराव परीक्षेला बसली. छत्तिसाव्या मिनिटाला स्क्रीन काळा झाला.

या वेळी तिने हाक मारली नाही. लिफ्टवाले आत गेले तेव्हा ती खुर्चीत पाय घेऊन बसली होती. लहानपणी ताप आला की अशीच बसायची.

“राहू दे बाबा,” ती म्हणाली. “माझ्या नशिबातच नाहीये पक्की नोकरी. तुम्ही तरी किती आटापिटा कराल?”

लेकीने कधी नशिबाचं नाव घेतलं नव्हतं. ते म्हणाले, “त्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या बाईंना फोन लाव.”

दुकानवाल्या बाई कामाच्या माणसासारख्या मोजकं बोलत होत्या. फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता.

“बंद पडायच्या आधी किती वेळ चालतो?”

“अर्धा-पाऊण तास,” लिफ्टवाले वही बघत म्हणाले.

“आणि लगेच परत चालू झाल्यावर?”

“मग दहा मिनिटांतच जातो.”

“हे तर तापल्याचं लक्षण आहे, काका. खोकं तापतंय का?”

“छे,” लेकच मध्ये म्हणाली. “बाबांनी पहिल्याच दिवशी हात लावून पाहिलंय. त्यांच्या हाताला सगळे थर्मामीटर म्हणायचे.”

“मग फोनवर नाही सांगता यायचं. आज सुट्टी आहे, सोमवारी घेऊन या.”

फोन बंद झाला. सोमवारी! लेकीने डोळे मिटून मान मागे टाकली. बायको दारात उभी होती, पदराशी चाळा करत. लिफ्टवाले आपल्या उजव्या तळहाताकडे बघत राहिले.

थर्मामीटर दोन वर्षांपूर्वीच फुटला होता. दोराने हात सोडला तेव्हापासून त्या तळव्याला गरम कळत नव्हतं, गार कळत नव्हतं, हातात रुमाल आहे की नाही तेही बघावं लागत होतं. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. ते आलं नाही. एकदा एका मोटारीवर हात ठेवून त्यांनी “ठीक आहे” म्हटलं आणि शेजारी उभा असलेला सहकारी ओरडला, “अहो, कातडी जळतेय तुमची!” दुसऱ्या दिवशी त्यांनी काम सोडलं आणि जिन्यांचा कंटाळा आल्याचं सांगितलं. घरातही तेच सांगितलं. तरी तीन आठवड्यांपूर्वी टेबलाखाली वाकताना सवयीने पुढे गेला तो उजवाच हात. आणि त्याला काही कळलं नाही, याचा अर्थ त्यांनी बेधडक ‘गरम नाही’ असा लावला होता. लेकीचे तीन आठवडे त्यात गेले होते.

ते गुडघ्यांवर बसले. कव्हरच्या आत या वेळी डावा हात घातला.

चटका बसल्यासारखा हात मागे आला. नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडासारखं खोकं कढत होतं. त्यांनी भराभर नाड्या सोडल्या. जाड कापड, आत दुहेरी अस्तर, मागे वायरींपुरती दोनच काजं. आतला पंखा गरम हवा बाहेर ढकलत होता आणि ती जायला वाट कुठे होती? काल खोकं नीट चाललं, कारण काल ते उघडं होतं.

“तापतंय,” ते म्हणाले. “चांगलंच तापतंय. याला श्वास घ्यायला जागा नाही.”

लेकीच्या डोळ्यांत एकदम जीव आला. “म्हणजे कव्हरमुळे? एवढंच होतं?”

“माझ्या कव्हरमुळे,” बायको म्हणाली. तिने कव्हर हातात घेतलं, चाचपून पाहिलं. कॉम्प्युटर आत आणला त्याच संध्याकाळी टेपने माप घेऊन तिने ते शिवलं होतं. मशीनजवळ कापडाचे तंतू उडतात, ते पोरीच्या कॉम्प्युटरमध्ये जायला नकोत म्हणून. तिचा चेहरा पार उतरला. “मीच माझ्या पोरीच्या...”

लिफ्टवाल्यांना गप्प बसता आलं असतं. कारण सापडलं होतं, दोष कव्हरचा ठरत होता, त्यांच्याकडे बोट दाखवणारं कोणी नव्हतं. पण बायको अशी उभी असताना त्यांना ते जमलं नाही.

“कव्हरचा काही दोष नाही,” ते म्हणाले. “तू पोरीसाठीच शिवलंस. चूक माझी. पहिल्याच दिवशी मी छातीठोक सांगितलं, तापत नाही म्हणून. तेव्हाही ते असंच तापलं असणार.” त्यांनी उजवा हात पुढे केला. “याला कळत नाही काही. दोन वर्षं झाली. काम सोडलं ते जिन्यांमुळे नाही, याच्यामुळे. बोललो नाही कोणाला. लाज वाटली.”

लेक खुर्चीतून उठली. “बाबा...”

“मला ठाऊक आहे,” बायको शांतपणे म्हणाली.

“काय ठाऊक आहे?”

“तुमच्या हाताचं.”

“केव्हापासून?”

“अहो, उकळत्या चहाचा पेला तुम्ही मुठीत धरून बसायचात आणि बोटं लाल व्हायची. मी काय आंधळी आहे? मग पेल्याला कव्हर कशाला शिवलं असतं मी? पेल्याला काय थंडी वाजते?”

लिफ्टवाले जमिनीवर तसेच बसून राहिले. दोन वर्षं त्यांनी ज्या कव्हरची टिंगल केली, ते पेल्याचं नव्हतंच. लेकीने खाली बसून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग बायकोनेच डोळे पुसले आणि म्हणाली, “बरं, रडगाणं पुरे. अकरा वाजलेत. चालवून बघा आधी.”

खोकं भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, उघडं ठेवलं, मशीनवरचं सगळं कापड बाहेर नेलं. लेक सराव परीक्षेला बसली. छत्तीस मिनिटं झाली, चाळीस झाली, तास झाला. लिफ्टवाले दर दहा मिनिटांनी डावा हात लावत होते आणि वहीत लिहीत होते : कोमट. कोमट. कोमट.

बरोबर तीन वाजता लेकीने दार लावलं.

आत कोणी जायचं नव्हतं, म्हणून दोघं दाराबाहेर जमिनीवरच बसली. दोन तासांचा पेपर. बायकोने कव्हर मांडीवर घेऊन त्याची पाठ उसवायला घेतली. तिथे ती जाळी लावणार होती. “कव्हरशिवाय राहील का ते बिचारं,” असं कुजबुजली. लिफ्टवाले दाराला कान लावून पंख्याचा आवाज ऐकत होते. एकदा तो थांबल्यासारखा वाटला आणि दोघांनीही श्वास रोखला. मग लक्षात आलं की रस्त्यावरून गेलेल्या गाडीच्या आवाजात तो बुडाला होता.

पाच वाजून चार मिनिटांनी दार उघडलं. लेकीचे केस विस्कटले होते, गाल तापले होते.

“एकदाही गेला नाही,” ती म्हणाली. “सगळे प्रश्न सोडवले, बाबा. पहिल्यांदा सगळे सोडवले. निकाल काय लागायचा तो लागू दे.” आणि ती तोंड धुवायला पळाली. पाठोपाठ पाण्याचा आवाज आला आणि तिचं गुणगुणणंही.

दोघं तशीच बसून राहिली. बायकोने सुई कव्हरमध्ये टोचून ठेवली आणि आपला हात नवऱ्याच्या हातावर ठेवला. लिफ्टवाल्यांनी खाली पाहिलं तेव्हा त्यांना ते समजलं. हात त्यांचा उजवा होता. त्यांनी तो हळूच काढून घेतला आणि तिच्या हाताखाली डावा ठेवला.