वाढवलेला वेग

सांगलीच्या स्टँडवर एसटी थांबली तेव्हा मुकुलने गोधडीत गुंडाळलेलं खोकं आधी कंडक्टरच्या हाती दिलं आणि मग तो स्वतः उतरला. साताऱ्यापासून त्याने ते मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं.

"आवं, टीव्ही हाय का काय ह्यो?" कंडक्टरने विचारलं.

"नाही, कॉम्प्युटर आहे."

"बिघडलाय व्हय? दुरुस्तीला?"

"बहिणीला दाखवायचाय."

कंडक्टरने त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि खोकं परत त्याच्या हाती दिलं.

मुकुलचं साताऱ्यात पत्र्याच्या छपराखाली डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, स्मरणिका. थोरली बहीण विनोदिनी शाळेतून निवृत्त झाल्यावर त्याच्याकडे टायपिंगला बसू लागली. ती मराठीची बाई. साताऱ्यातल्या दोन पिढ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाला तिने वळण लावलेलं. तिच्या हातचं पान तपासायचं असतं हे मुकुल विसरूनच गेला होता.

फोटोंची पानं उघडायला मशीन फार वेळ घ्यायचं. बनवणाऱ्याने ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त वेगाने पळवता येतो, हे मुकुलने एका मासिकात वाचलं. बोर्डावरच्या तांदळाएवढ्या प्लास्टिकच्या टोप्या एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी बसवायच्या. त्याने घाई केली नाही. मोठा पंखा लावला, वेग एकेक पायरीने वाढवला, दर पायरीला प्रोसेसरवरच्या धातूच्या पत्रीवर बोट ठेवून ती किती तापते ते पाहिलं. दिवसभर मशीन चालवून ठेवलं. ते एकदाही अडकलं नाही.

"काही धोका नाही, अक्का. सगळं बघून केलंय," तो म्हणाला होता.

"तुला कळतं ना, मग झालं," असं म्हणून ती कामाला लागली होती.

ऑक्टोबरात छपराचा पत्रा तापू लागला आणि पानं बिघडायला लागली. आदल्या दिवशी बरोबर असलेल्या मजकुरात कुठे अक्षर बदललेलं, कुठे ओळ दोनदा आलेली. शाळेच्या स्मरणिकेत दिवंगत शिक्षकांवरचा लेख निम्म्यातच तुटला आणि तसाच छापून गेला. मुख्याध्यापक दुकानात येऊन बरंच बोलले.

"मी काल हे नीट केलं होतं रे," विनोदिनी म्हणाली.

"मग रात्रीत कोण येऊन बदलून गेलं?" मुकुलने सगळ्यांदेखत विचारलं. गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी हसलं.

त्यानंतर ती वाद घालेनाशी झाली. प्रत्येक ओळ ओठ हलवत दोनदा वाचू लागली. त्यांच्या आईची स्मृती याच वयात जायला लागली होती; ते दोघांनाही आठवत होतं, बोलत मात्र कुणीच नव्हतं. दिवाळीनंतर ती लेकीकडे, ज्ञानदाकडे, सांगलीला गेली. मिरजेच्या डॉक्टरांना दाखवून आली. तिथूनच तिने कळवलं, की आता दुकानात यायला जमणार नाही.

मग मुकुल स्वतः टायपिंगला बसला. एका सकाळी त्याने आदल्या दिवशीची प्रश्नपत्रिका उघडली. तिसऱ्या प्रश्नाच्या मधोमध अर्थहीन अक्षरांचा चिखल झाला होता. ती त्याने स्वतः टाइप केली होती, स्वतः तपासली होती. त्याने जुन्या फायली एकेक करून उघडून पाहिल्या, तेव्हा उलगडा झाला. वाढवलेला वेग प्रोसेसर सोसत होता. त्याच वेगामागे फरफटलेली हार्ड डिस्क मात्र पत्र्याच्या धगीत लिहिताना मधूनच अक्षरं सांडत होती. टोप्या मागे घ्यायला त्याने हात पुढे केला आणि थांबवला. अक्काला हे डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

ज्ञानदाच्या घरी कॉम्प्युटर होता. त्याचा पडदा मुकुलने आपल्या खोक्याला जोडला. विनोदिनी पदराला हात पुसत येऊन खुर्चीवर बसली. ती वाळली होती.

"अक्का, चूक माझी होती. तुझी नव्हती," तो म्हणाला आणि त्याने सगळं सांगितलं. टोप्या, वेग, डिस्क, पत्र्याची धग. ती लक्ष देऊन ऐकत होती, वर्गात एखादा मुलगा उत्तर सांगताना ऐकावं तशी.

"आता बघ. तू टाइप केलेला स्मरणिकेतलाच लेख डिस्कवर इथून तिथे उतरवतो. कसा बिघडतो बघ."

लेख उतरला. त्याने उघडला. सगळा शाबूत होता.

त्याने पुन्हा उतरवला. पुन्हा शाबूत. थंडीचे दिवस होते, खिडकीतून नदीकडचा गार वारा येत होता. मुकुलने खिडकी लावली, पंख्यावर गोधडी टाकली, एकामागून एक फायली उतरवत राहिला. दुपार कलली. एकही अक्षर हललं नाही.

"सातारला बिघडतो, अक्का. खरंच बिघडतो. मी स्वतः पाहिलंय."

"असेल रे."

"असेल नाही, आहे. मी तुला सगळ्यांसमोर बोललो..."

"योग्यच बोललास. कुणीतरी बोलायलाच हवं होतं." तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "एवढं ओझं घेऊन आलास. लहानपणी माझ्या हातून काही फुटलं तरी 'मी फोडलं' म्हणून पुढे यायचास. तसंच आहे हे. आता मोठा झालास, सोड."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या ज्ञानदाने डोळे टिपले. मुकुल पाणी प्यायला आत गेला तेव्हा ती हलक्या आवाजात म्हणाली, "मामा, फार बरं केलंत. तिला तेवढाच धीर आला."

"ज्ञानदा, मी धीर द्यायला नाही आलो."

"कळतंय मला," ती म्हणाली, आणि तिने त्याच्यापुढे तांब्या-भांडं ठेवलं.

निघताना विनोदिनी फाटकापर्यंत आली. कमरेची किल्ली सोडवून तिने त्याच्या तळहातावर ठेवली. तिच्या सातारच्या घराची.

"तुझ्याकडेच असू दे," ती म्हणाली. "माझ्याकडून कुठेतरी जाईल."