राक्षसभावजींचा पोपट

कांदिवलीच्या शिवदास चाळीत कोणी गावाला निघालं की खोलीची किल्ली रत्नप्रभाबाईंच्या दारामागच्या खिळ्याला अडकवून जायचं, हा रिवाज होता. पाळत नव्हता तो एकटा तिसऱ्या मजल्यावरचा राक्षस. लुंगी-बनियन घालायचा, शिंगांवर पंचा गुंडाळायचा. चाळ त्याला राक्षसभावजी म्हणायची.

त्याचा जीव पोपटात होता. गोष्टी सांगणारे हे मिटक्या मारत सांगतात, पण का ते एकजण विचारील तर शपथ. अहो, देह एवढा अवाढव्य, जिथे तिथे आपटायचा. म्हणून आईने जीव सांभाळून दुसरीकडे ठेवला. यात कसलं आलंय कपट?

पण पोपटाची मान मुरगळली की राक्षस खलास, हे प्रत्येक राजपुत्राला घरूनच शिकवलेलं. म्हणून पिंजऱ्याला सात कुलपं आणि किल्ल्या राक्षसाच्या करगोट्याला.

शहाऐंशी साली सात समुद्रांपलीकडे भाचीचं लग्न निघालं. मामाला जाणं भागच. पोपटाला बोट लागायची, तेव्हा पिंजरा रत्नप्रभाबाईंकडे ठेवून तो निघाला. आठवड्याने, भाचीच्या पाठीशी मामा म्हणून उभा असताना, त्याचा हात कमरेला गेला. किल्ल्या तिथेच होत्या. पोपटाला दाणा कोण घालणार? आणि तरी आपल्याला इतकं हलकं, इतकं बरं का वाटतंय? अक्षता पडल्या तसा तो न जेवता पळत सुटला.

धापा टाकत जिना चढला तर रत्नप्रभाबाईंच्या दाराशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली तलवार टेकवलेली. आत एक राजपुत्र पोहे खात होता, आणि त्याच्या खांद्यावर बसून पोपटही.  राक्षस तिथेच जिन्यात भिंतीला टेकला.

"काकू, याची मान मुरगळायची आहे," राजपुत्र अवघडून म्हणाला. "म्हणजे राक्षस मरेल."

"आणि पाणी वर कोण आणणार, तू?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "पंप शिमग्यापासून बंद आहे. भावजी एकटे चार-चार पिंपं उचलतात. आणि पोपटाला हात लावून तर बघ. वरवंट्याने सात कुलपं फोडलीत मी, त्याला मिरची भरवायला. आता दुपारी शेजारच्या मालनकडे झोपतो, संध्याकाळी खालच्या धोंडूबरोबर रेडिओ ऐकतो. चाळीचा आहे तो."

"पण घरी काय सांगू?"

"राक्षस गावाला गेलाय म्हणून सांग. खोटं थोडंच आहे?"

राजपुत्राने विचार केला, पोहे संपवले, बशी विसळून ठेवली आणि तलवार काखेत मारून निघाला. जिन्यात राक्षसाला म्हणाला, "काका, जरा सरकता?" राक्षस सरकला.

मग तो दारात येऊन उभा राहिला. रत्नप्रभाबाई ओशाळल्या आणि फुटकी कुलपं पुढे करत म्हणाल्या, "नवी आणून देते हो भावजी."

 आईनंतर राक्षसाच्या जिवाला कोणी असं जपलं नव्हतं. त्याने खिशातून आपल्या खोलीची किल्ली काढली आणि दारामागच्या रिकाम्या खिळ्याला अडकवली.

"आता कुठे निघालात?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"कुठेच नाही," तो म्हणाला. "असू दे तुमच्याकडे."