चेरीसाठी आणलेली थंडी

नाटे बंदरावर मासळी विकून आत्या घरी यायची ती दुपारच्या पांढऱ्या उन्हात, आणि तिच्याआधी पाटीतल्या बर्फाचा आवाज अंगणात पोचायचा. कोलंबीच्या गुलाबी मिशा चिकटलेले ते उरलेसुरले तुकडे ती ओंजळीने चेरीच्या बुंध्याशी ओतायची आणि तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा ओला हात खोडावर ठेवून क्षणभर उभी राहायची.

चेरीचे ते कमरेएवढे रोप तिच्या लेकीने, सायलीने मागवून दिले होते. सायली तीन वर्षे जपानात म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करते. एकदाही आलेली नाही. कडक थंडी मिळाल्याशिवाय हे झाड फुलत नाही, असे मीच फोनवर वाचून आत्याला सांगितले, आणि तिच्या हाताशी होती ती थंडी तिने आणली. मासे धुतलेल्या खाऱ्या पाण्यावर तिचे माड पोसले होते. बर्फाबद्दल शंका यावी कशाला?

"हितंच फुलं आली की सायली तिकडं कशाला ऱ्हाईल गो?" ती म्हणायची.

पानांच्या कडा करपू लागल्या तेव्हा कारण माझ्या लक्षात आले. तरी मोठ्या माणसाची चूक कोणत्या शब्दांत सांगावी, हे जुळवण्यात मी चार दिवस घालवले.

"आत्या, बर्फातल्या मिठाने जळतंय ते."

"माडाला चालतंय की."

"हा माड नाही."

तिने पाटी खाली ठेवली. "आणि हे आता सांगतंस? पाटीतली सुरमई बरी, ताजी की शिळी ते तिचा डोळा तरी लगेच बोलतो."

मग महिनाभर विहिरीचे गोडे पाणी घातले. पाने तरीही सगळी गळली. पौषात मी नखाने साल खरवडली. आत हिरवे काही नव्हते. आत्या शेजारी उभी होती. तिनेही पाहिले.

त्या संध्याकाळी सायलीचा फोन आला. आत्याने मला फोन झाडासमोर धरायला लावला.

"थंडीत झाडं पानं गाळतात ना तुमच्याकडं? तशीच गाळलीत त्यानं."

"म्हणजे फुलणार, आई," सायली म्हणाली. "कळी दिसली की सांग, मी तिकीट काढते."

"सांगते," आत्या म्हणाली.

मी फोन दोन्ही हातांनी सरळ धरला. वाळलेले झाड आणि फुलण्याआधीचे निष्पर्ण झाड पडद्यावर सारखेच दिसते; फरक कळायला जवळ यावे लागते, आणि दूर गेलेले माणूस जवळ येईपर्यंत घरातल्या कुणाला तरी फोन असा उभा धरून ठेवावा लागतो.