बांधाजवळची माती

पोलादी पाइप जमिनीखाली किती लवकर गंजेल हे मातीवर ठरतं, म्हणून खोदाईच्या आधी मला पाठवतात. गुजरातच्या किनाऱ्याकडून निघालेली गॅसची लाइन कितीतरी जिल्हे ओलांडून पूर्वेकडे जायची होती. आमच्या वाट्याचा तुकडा तापीकाठच्या कापूस-केळीतून होता. काम साधं. चार सळया एका रेषेत मातीत ठोकायच्या, बाहेरच्या दोघींतून वीज सोडायची, आतल्या दोघींवर मातीचा विजेला होणारा विरोध मोजायचा. ओली, खारट माती वीज सहज जाऊ देते, आकडा उतरतो. पाइपही तीच खाते.

रंजनाबाईंच्या शेतात, बांधाजवळ, आकडा एकदम उतरला. सळया पुसून पुन्हा ठोकल्या. तोच आकडा.

रंजनाबाई सकाळपासून बांधावर बसून माझ्याकडे बघत होत्या. मी विचारलं, "काकू, इथे कधी खताचा ढीग होता का?"

"खतना नही." मग त्या उठून जवळ आल्या. "मीठ ऱ्हाई ते? मीठ समजस का तुन्हा मशीनले?"

आमचं खांडबाऱ्याला किराणा दुकान आहे. मिठाच्या गोण्यांखालची फरशी उन्हाळ्यातही ओलसर राहते, हे मला कॉलेजच्या आधीपासून माहीत. "समजतं," मी म्हणाले. "पण शेतात मीठ कशाला?"

त्यांनी मागे वळून बघितलं. मुलगा धीरज लांब पाण्याच्या मोटारीपाशी होता.

धीरजच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. एक रात्र जगली. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, मीठ घालून पुरतात. रंजनाबाई बाळंतिणीच्या खाटेवर होत्या. त्यांचे यजमान नथ्थूभाई मिठाची पिशवी आणि ते गाठोडं घेऊन एकटेच शेतात आले. नेमकं कुठे, ते त्यांनी बायकोला कधी सांगितलं नाही. विचारलं की उठून जायचे. आता ते स्वतःच नव्हते.

"बांधजोडे, इतलंच माले माहीत शे," रंजनाबाई म्हणाल्या. "आते तुम्हनं मशीन येई. ती वर निंघनी ते? बेन, मन्ही पोर कोठे शे, इतलं पाही दे."

मी सळया जवळजवळ ठोकून आडव्या बाजूने मोजत गेले. खोदाईच्या रेषेपासून बांधाकडे सरकलं की आकडा आणखी उतरायचा, बांधाच्या अलीकडे तळाला जायचा आणि पुन्हा चढायचा. पाइपचा चर तिथून जाणार नव्हता. पण ट्रक आणि क्रेन त्याच बाजूने चालणार होते, आणि त्यांच्यासाठी वरची माती खरवडली जाणार होती.

"काकू, खात्रीने नाही सांगता येत. एवढ्या पावसाळ्यांत मीठ वाहून गेलं असेल. कदाचित ही दुसरीच ओल असेल."

"मशीन काय सांगस?"

"इथली माती वेगळी आहे, एवढंच."

त्या खाली बसल्या. हात मातीवर सपाट ठेवला. "मी रोज आठेच बांधवर जेवू," त्या म्हणाल्या. "तिनाकडे पाठ करीसन."

सुपरवायझर हेमकांत शेताच्या कडेला चहा पीत होता. या शेतापुरती बाजू बदल, असं मी त्याला सांगितलं. गाड्या पलीकडून, बांधाकडे नुसता काळ्या मातीचा ढीग, आणि ढिगाखाली काही खरवडायचं नाही.

"आणि साहेबांना काय सांगू? मॅडमला डावी बाजू आवडते?"

"बांधाकडची माती ओली आहे सांग. क्रेन फसली तर ती कोण काढेल?"

"तुम्ही. सळया घेऊन." पण त्याने ओली माती पायाने दाबून बघितली, माझ्याकडे बघितलं, मग रंजनाबाईंकडे. हद्दीच्या खुंट्या त्याने स्वतः हलवल्या.

पाइप पुरला गेला. आधी खालची पिवळी माती, मग वरची काळी, अशी जमीन परत भरली. हरभरा उगवल्यावर मी पुन्हा मोजायला गेले, तेव्हा धीरज वैतागलेला होता. बांधाच्या कोपऱ्यात त्याला विहीर काढायची होती, आणि आता तो सगळा भाग लाइनच्या पट्ट्यात गेल्याने तिथे पेरण्यापलीकडे काहीच करता येणार नव्हतं.

"इहीर नही, घर नही, झाड नही," तो आईला म्हणाला. "आपलीच जमीन, नि आपलेच खोदाले बंदी!"

रंजनाबाईंनी भाकरीचं फडकं सोडता सोडता हात थांबवला. "कोनीच खोदी नही?"

"नाही काकू," मी म्हणाले.

"याना पोरेसोरेबी नही?"

"तेही नाही. लाइन आहे तोवर कुणीच नाही."

धीरज मोटार बंद करायला गेला. त्या फडकं उचलून बांधावरून उतरल्या, वळल्या आणि हरभऱ्याकडे तोंड करून बसल्या.

"ये, बठ," त्यांनी शेजारची जागा हाताने झाडली. "वाणीनी पोर, कांदा खाशी का?"

आमच्या घरी कांदा शिजत नाही. मी बसले आणि खाल्ला.